बाहुली जाळून सैतान जळत नाही

२०२५ च्या पावसाळ्यातील एका सायंकाळी आम्ही कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील एका गावी, परिचयाच्या एका कॅथलिक कुटुंबात रोझरीसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला, गप्पा सुरू झाल्या. पण एरवी दारातच येऊन बिलगणारी त्या घरातील सात वर्षांची लेक आजीच्या पदराआडून बाहेर येईना. चौकशी केली तेव्हा समजले, की चार दिवसांपूर्वी तिची बाहुली परसात जाळण्यात आली होती. लांब कानांची, दात विचकून हसणारी 'लबुबू' नावाची ती बाहुली. तीही मूळ नव्हे, फेरीवाल्याकडून घेतलेली स्वस्तातली नक्कल. या बाहुलीत सैतान वास करतो, ती ज्या घरात असेल तेथे आजार आणि कलह शिरतात, असा संदेश कोणा प्रार्थनागटातून आईच्या मोबाइलवर आला होता. मग बाहुलीवर पवित्र पाणी शिंपडले गेले, क्रूसाची खूण झाली आणि चुलीतला जाळ आणून मुलीच्या डोळ्यांदेखत ती पेटवण्यात आली.

त्या रात्री मुलीने आईला विचारले, "मी तिला रोज कुशीत घेऊन झोपायचे ना? मग तिच्यातलं भूत आता माझ्यात आलंय का गं?"

आईपाशी उत्तर नव्हते. हा लेख आम्ही लिहीत आहोत तो त्या एका प्रश्नापायी. बाहुलीतले भूत काढून मुलीच्या मनात नेऊन ठेवण्याचा हा जो प्रकार धर्माच्या नावाने आपल्या घराघरांतून सुरू झाला आहे, तो ख्रिस्ती श्रद्धेला धरून नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते काहींना कटू वाटेल. तरीही ते मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम त्या बाहुलीची कुळकथा पाहू. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ साली आपल्या चित्रपुस्तकांसाठी हे पात्र रेखाटले. लहानपणी वाचलेल्या उत्तर युरोपातील लोककथांतील खोडकर वनचरांवरून त्याला ते सुचले. पुढे पॉप मार्ट या चिनी कंपनीने २०१९ पासून त्याच्या बाहुल्या बाजारात आणल्या. २०२५ साली एकाएकी आवई उठली, की ही बाहुली म्हणजे 'पाझुझू' नावाच्या प्राचीन राक्षसाची मूर्ती होय. दातांचे साम्य, एवढाच काय तो पुरावा! त्याच वर्षी आपल्या देशातील एका नामवंत विनोदी अभिनेत्रीने ही बाहुली जाळल्याचे दृश्य घरोघरी पाहिले गेले. म्हणजे ही भीती केवळ आपल्या समाजापुरती नाही. ती सर्वधर्मीय आहे, आणि म्हणूनच तिचा उगम शुभवर्तमानात शोधण्यात अर्थ नाही.

आता गंमत पाहा. पाझुझू हे मेसोपोटेमियातील नाव १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटामुळे जगभर पोहोचले. तथापि त्या प्राचीन लोकांत पाझुझूची मूर्ती कशासाठी वापरीत? बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला छळणाऱ्या लमाश्तू नावाच्या दुष्ट शक्तीला पळवून लावण्यासाठी! विद्रूप मुखवटा दाखवून विद्रूप शक्तीला भिववायचे, ही त्यामागची कल्पना. कर्जत-खालापूरच्या वाचकांना ती परकी वाटू नये. आपल्याकडे नव्या बांधकामावर आणि ट्रकच्या पाठीमागे जी काळी बाहुली टांगतात, तिचे काम तेच. करणी करणारा बाहुलीला सुया टोचून झाडाला ठोकतो, आणि करणी उतरवणारा भगत तशीच बाहुली जाळून दाखवतो. आपल्या घरात परसदारी जे घडले, त्याची विधिपरंपरा हीच होय. लिंबाच्या जागी पवित्र पाणी आले आणि भगताच्या जागी प्रार्थनागटाचा संदेश आला, एवढाच फरक.

हे आम्ही उपहासाने म्हणत नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात अंधश्रद्धेची व्याख्या दिली आहे. धार्मिक भावना वाट चुकली की अंधश्रद्धा जन्मते, आणि ही चूक खऱ्या देवाच्या उपासनेतही शिरू शकते, असे तेथे सांगितले आहे. अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून प्रार्थनेच्या शब्दांना किंवा पवित्र चिन्हांनाच जादूचे बळ आहे असे मानणे, ही अंधश्रद्धाच. पवित्र पाणी आपल्याला आपल्या बाप्तिस्म्याची आठवण देते. त्याचा कीटकनाशकासारखा वापर करणारा मनुष्य सैतानाशी लढत नसतो. तो पवित्र पाण्याचे अवमूल्यन करीत असतो.

अशा भीतीच्या लाटा नव्या नाहीत. १९८६ साली अमेरिकेत फिल फिलिप्स नावाच्या उपदेशकाने 'टर्मॉइल इन द टॉयबॉक्स' हे पुस्तक लिहून मुलांच्या खेळण्यांत आणि कार्टूनमध्ये सैतानी शक्ती शोधल्या. स्मर्फ नावाचे निळे बुटकेही त्यातून सुटले नाहीत. १९९९ साली जेरी फॉलवेल यांच्या नियतकालिकाने टेलिटबीज या तान्ह्यांच्या मालिकेतील जांभळ्या बाहुल्यात अनैतिकता पाहिली. पोकेमॉनवर सौदी अरेबियाने २००१ साली बंदी घातली. त्याच्या आदल्याच वर्षी सॅट २००० या इटलीतील कॅथलिक उपग्रह वाहिनीने मात्र त्या खेळात मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव असल्याचे म्हटले होते. हॅरी पॉटरविषयी आपल्या ख्रिस्तसभेतही दोन मते होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. २००३ साली व्हॅटिकनच्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवुड यांना त्या पुस्तकांत धोका दिसला नाही. त्याच वर्षी कार्डिनल राट्झिंगर यांनी एका लेखिकेला लिहिलेल्या पत्रात त्यांविषयी चिंता व्यक्त केली. आणि २००९ साली व्हॅटिकनच्या 'लोस्सेर्वातोरे रोमानो' या वृत्तपत्राने त्या मालिकेतील चित्रपटाची प्रशंसा केली. पुस्तकाची चिकित्सा करणे, त्यावर मतभेद असणे, हा विवेकाचा मार्ग होय. जाळपोळ हा भीतीचा मार्ग होय.

आणि भीतीची किंमत नेहमी खेळण्यांपुरती राहत नाही. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीत मुलांवर सैतानी विधी होतात, असा आरोप १९८३ पासून गाजला. खटला वर्षानुवर्षे चालला, शिक्षकांची आयुष्ये उद्ध्वस्त झाली, आणि १९९० साली एकाही दोषसिद्धीविना तो संपला. आपल्या महाराष्ट्रात तर अफवेने रक्त सांडले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा बळी गेला. मारणाऱ्यांपैकी कित्येकांना प्रामाणिकपणे वाटत होते, की आपण मुलांचे रक्षण करीत आहोत. मोबाइलवरचा संदेश पुढे ढकलण्यापूर्वी एवढे तरी आठवावे. बाहुली जाळणारा मनुष्य माणूस मारतो, असे आमचे म्हणणे नाही. पण खात्री न करता भिण्याची आणि शेजाऱ्याला भिववण्याची सवय दोन्हीकडे एकच असते.

आमच्यापुढे दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की सैतान आहे ही ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे, मग त्याला भिऊ नये कसे? होय, ती ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि आम्ही ती मानतो. म्हणूनच ख्रिस्तसभेने हा विषय कोणाच्याही हाती मोकळा सोडलेला नाही. भूतबाधा निवारणाचा गंभीर विधी बिशपांच्या विशेष परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही, असा धर्मसभेचा कायदा आहे. आणि समोरचा मनुष्य आजारी तर नाही ना, याची आधी खात्री करावी, असे बंधन आहे. जेथे धर्मगुरूलाही एवढी मर्यादा, तेथे अनोळखी माणसाने पाठवलेल्या संदेशावरून आपण आपल्या परसात विधी उरकावा काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली, हा दाखला आम्हाला प्रार्थनागटांतून ऐकविला जातो. वाचकहो, तो अध्याय उघडून पाहा. जाळणारे लोक स्वतः जादूटोणा करीत होते. त्यांनी स्वतःची पुस्तके, स्वतःच्या पापाचा आणि कमाईचा ठेवा, स्वखुशीने आणला. त्याची किंमत पन्नास हजार रौप्यनाणी भरली. आपल्या पापाचा त्याग करणे वेगळे आणि मुलीच्या हातातले खेळणे हिसकावणे वेगळे. इफिसचे अनुकरण करायचेच असेल, तर आपल्या कपाटातले काय जाळावे लागेल, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा.

खरा दाखला संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही, या प्रश्नाने करिंथची मंडळी अशीच गांजली होती. मूर्तिपूजेत सहभागी होऊ नका, हे पौलाने बजावले. परंतु बाजारात जे विकले जाते ते शंका न काढता खा, कारण पृथ्वी आणि तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे, असे सांगून त्याने त्यांच्या मनातली भीती काढून टाकली. देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या मांसाबद्दल जे पौलाला वाटले नाही, ते स्टेशनबाहेरच्या प्लॅस्टिकच्या दातांबद्दल आपल्याला का वाटावे? प्रभू येशूनेही सांगितले, की बाहेरून आत जाणारे काही माणसाला भ्रष्ट करीत नाही. माणसाला भ्रष्ट करते ते त्याच्या अंतःकरणातून निघते.

शिवाय आपण कॅथलिक आहोत. बाहुलीचे आणि श्रद्धेचे नाते आपल्याइतके कोणाला ठाऊक? सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेला जाताना आपण मेणाचे हात, पाय आणि बाळाच्या मेणबाहुल्या घेऊन जातो. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला कर्जतहून, खोपोलीहून माणसे जातात. १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. तेव्हापासून गोठ्यातल्या मूर्ती मांडूनच आपली मुले देहधारणेचे रहस्य शिकत आली आहेत. मूर्ती ही देव नव्हे, तिला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो, हे तत्त्व ७८७ साली निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने सांगितले. मातीचा बाळ येशू जर स्वतः देव नाही, तर कापसाची बाहुली स्वतः सैतान कशी होईल? जो मनुष्य वस्तूतच शक्ती पाहतो, तो एका हाताने बाहुली जाळतो आणि दुसऱ्या हाताने क्रूसाचा ताईत करून टाकतो.

कार्टूनच्या बाबतीत या भीतीला आणखी एक अनिष्ट वळण मिळते. 'छोटा भीम' पाहू नये, 'बाल गणेश' पाहू नये, त्यातून मुलांवर परक्या देवांची छाया पडते, असे सांगणारी वडीलधारी मंडळी आम्ही ऐकली आहेत. आपली मुले आगरी, मराठा, ठाकर, कातकरी, मुसलमान मुलांच्या बाकावर बसून शिकतात. शेजाऱ्याच्या कथेला सैतानाची कथा म्हणायला शिकवले, तर उद्या ती त्या शेजाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. त्या वाक्याचा मान आपण दिवाणखान्यात राखणार की नाही? २०२१ च्या नाताळात आग्रा येथे सांताक्लॉजचे पुतळे जाळण्यात आले. तो म्हातारा मुलांना खेळणी देऊन धर्मांतर करतो, असा जाळणाऱ्यांचा आरोप होता. त्या वेळी आपल्याला झालेली वेदना आठवा. मग तीच काडी आपण हातात घेऊ नये.

येथवर आम्ही खोट्या भीतीविषयी लिहिले. आता खऱ्या भीतीविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण खोट्या भीतीचा सर्वांत मोठा अपराध हाच, की ती खऱ्या भीतीची जागा बळकावते.

खेळण्यात धोका नसतो असे नाही. निकृष्ट रंगातले शिसे मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. खेळण्यातून निसटलेली बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली, तर दोनेक तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहून खेळणे घेणारे पालक किती? आणि लबुबूत मोहाचा अंश असेलच, तर तो तिच्या दातांत नाही, तिच्या खोक्यात आहे. आत कोणती बाहुली निघेल हे न सांगता बंद खोके विकायचे, आणि हवी ती मिळेपर्यंत मुलाला पुन्हा पुन्हा खरेदीला लावायचे, ही जुगाराची चटक होय. दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, ही आज्ञा मुलाला शिकवण्याची याहून चांगली संधी कोणती? पण त्यासाठी मुलाशी बोलावे लागते; जाळणे सोपे असते.

याहून मोठा धोका खेळण्यात नाहीच. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच रेल्वेमार्गावरील बदलापुरात शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला संतप्त लोक रुळांवर उतरले, कर्जतच्या गाड्या थांबल्या. त्या दिवशी फलाटांवर ताटकळलेल्यांत आपलीही माणसे असतील. सैतान कसा दिसतो, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आपल्याला मिळायला हवे होते. तो ओळखीच्या चेहऱ्याने येतो, विश्वासाच्या जागी बसतो आणि मुलाला गप्प राहायला शिकवतो.

आणि येथे आपल्या ख्रिस्तसभेला वगळून चालणार नाही. जगभरच्या ख्रिस्तसभेत धर्मसेवकांच्या हातून मुलांवर अत्याचार झाले आणि ते वर्षानुवर्षे झाकले गेले, ही लज्जा आपली आहे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' हे पत्र काढून अशा प्रकारांची वर्दी ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले. आपल्या देशाचा २०१२ चा पोक्सो कायदा तर हे बंधन प्रत्येक नागरिकावर घालतो. ज्या मुलीला सात वर्षांच्या वयात आपण शिकवले, की तुझ्या अंगात न दिसणारे काही शिरू शकते आणि ते मोठी माणसेच काढू शकतात, ती मुलगी उद्या एखाद्या मोठ्या माणसाने तिला छळले तर बोलेल काय? की दोष आपल्यातच आहे असे समजून मुकी होईल? भीतीच्या धर्मशिक्षणाचा हा परिणाम आम्हाला सर्वांत भयंकर वाटतो.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात मुलांचे दुःख शोधायला दूर जावे लागत नाही. खोपोलीजवळ २०१३ साली 'इमॅजिका' हे भव्य मनोरंजन उद्यान उभे राहिले. तेथे कृत्रिम राक्षस पाहायला मुले हौसेने जातात. त्याच परिसरातील कातकरी मुले पावसाळा सरला, की आईबापांच्या मागे वीटभट्ट्यांवर जातात आणि शाळेपासून तुटतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. आश्रमशाळेत असलेली काही मुले वाचली आणि अनाथ झाली. मुलांच्या रक्षणाची तळमळ आपल्या प्रार्थनागटांना खरोखरच असेल, तर तिला या डोंगरात कामाची वाण नाही.

मग घरात काय करावे? मूल जे कार्टून पाहते ते अर्धा तास त्याच्याजवळ बसून पाहावे आणि त्याला काय आवडले ते विचारावे. जे हिंसक किंवा ओंगळ वाटेल ते बंद करावे, पण कारण सांगून. अंगाला कोणी नकोसा स्पर्श केला तर लगेच सांगायचे, तुझ्यावर कोणी रागावणार नाही, हे मुलाला पुन्हा पुन्हा सांगावे. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक त्याला पाठ करून द्यावा. प्रार्थनागटांतील बंधुभगिनींना आमची हात जोडून विनंती आहे, की असा संदेश आला तर तो आधी आपल्या धर्मगुरूंना दाखवावा. आणि धर्मगुरूंना विनंती, की त्यांनी अशा वेळी मौन धरू नये. आपले मौन संमती म्हणून पसरते.

जखऱ्या संदेष्ट्याने उद्धार पावलेल्या यरुशलेमचे चित्र रंगवताना तेथील रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले असतील असे सांगितले. संत डॉन बॉस्को कसरतींचे खेळ करून मुलांना प्रार्थनेकडे वळवीत. खेळ ही देवाच्या राज्याची खूण आहे.

त्या सायंकाळी आम्ही त्या मुलीला जवळ बोलावले. तुझा बाप्तिस्मा झाला आहे, तू देवाची लेक आहेस, तुझ्यात कोणतेही भूत नाही आणि तुझ्या बाहुलीतही नव्हते, असे आम्ही तिला तिच्या आईसमोर सांगितले. आईने मान खाली घातली आणि मग तीही तेच म्हणाली. पुढे आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची एक बाहुली तिला करून दिली. ती कुशीत घ्यायला मुलीला आणखी पंधरा दिवस लागले, असे आम्हाला नंतर कळले. हे पंधरा दिवस आपण मोठ्यांनी तिच्याकडून हिरावून घेतले. आपल्या एकाही घरात ते पुन्हा कोणाकडून हिरावले जाऊ नयेत, एवढेच आमचे मागणे आहे.